नामंजूर विमादावा : वैद्य व औषधविक्रेते यांच्या दृष्टीने एक अभ्यास

खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ श्रावणातल्या एका सकाळी आमच्या चिकित्सालयात आले आणि एक पानी पत्र त्यांनी टेबलावर ठेवले. दोन महिन्यांपूर्वी ते आमच्याकडे दहा दिवस दाखल होते. निदान गृध्रसी, एम.आर.आय.मध्ये चौथ्या व पाचव्या कटिकशेरुकांमधील चकती सरकलेली होती. अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला होता. योगबस्तीचा क्रम, पत्रपिंडस्वेद व आभ्यंतर औषधे यांनी ते चालत घरी गेले. देयक ४८,६०० रुपयांचे झाले होते. विमा कंपनीच्या पत्रात दोनच वाक्ये होती : रुग्णास दाखल करण्याची वैद्यकीय आवश्यकता दिसून येत नाही, तसेच उपचार विश्रांती व पुनरुज्जीवन स्वरूपाचे असल्याने दावा देय नाही. पत्र वाचून आम्ही मान वर केली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "डॉक्टर, मी काय हौसेने झोपलो होतो का इथे?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे होते. आमच्या केसपेपरात मात्र ते नव्हते. पहिल्या दिवशीची नोंद अर्ध्या पानाची. पुढचे नऊ दिवस "बस्ती दिली, उपशय, तेच चालू" एवढेच शब्द, तेही तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. दहा दिवसांची ही कागदपत्रे त्रयस्थ माणसाने वाचली तर त्यालाही कंपनीसारखाच संशय आला असता, हे मान्य करणे आम्हाला जड गेले. आयुर्वेदाला विमा कंपन्या दुजाभावाने वागवतात, ही आपली जुनी तक्रार आहे व ती निराधार नाही. परंतु कर्जत-खालापूर परिसरातील सहव्यवसायींकडून गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेली नामंजुरीची पत्रे बारकाईने पाहिली, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रकरणांत दाव्याचा पाया आपल्याच टेबलावर खचलेला आढळला. त्या अनुभवावरून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम नियमांची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनी आयुर्वेदादी पद्धतींच्या उपचारांना विमासंरक्षण देण्याची मुभा कंपन्यांना प्रथम स्पष्टपणे दिली. मात्र रुग्णालय शासकीय, शासनमान्य किंवा गुणवत्ता-मानांकन मिळालेले असावे, अशी अट होती. तालुक्याच्या गावातील आपली लहान रुग्णालये त्या चाळणीतून क्वचितच पार पडत. पुढे आयुष रुग्णालयाची व्याख्या बदलली. खाजगी रुग्णालयासाठी आज साधारणतः पाहिले जाते ते असे : आवश्यक तेथे स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदणी, किमान पाच खाटा, चोवीस तास पात्र व नोंदणीकृत आयुष वैद्य, उपचारासाठी स्वतंत्र कक्ष, आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी, ज्या कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीस पाहता येतील. आंतररुग्ण विभाग नसलेल्या दिवस-उपचार केंद्रांसाठी वेगळी व्याख्या आहे. ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने आयुष उपचार अन्य उपचारांच्या बरोबरीने ठेवण्याबाबत संचालक मंडळाने संमत केलेले धोरण प्रत्येक कंपनीकडे असलेच पाहिजे असे ठरवले व ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. म्हणजे "आयुर्वेद आहे म्हणून नाही" हे उत्तर आता कंपनीला देता येत नाही. ती तसे देतही नाही. नकार आता वेगळ्या दाराने येतो.

ते दार ओळखण्यासाठी पॉलिसीतील अपवादांची यादी वाचावी. सप्टेंबर २०१९ मध्ये प्राधिकरणाने अपवादांची भाषा प्रमाणित केली व प्रत्येकास संकेतांक दिला. त्या अठरांपैकी चार-पाच आपल्या व्यवसायाच्या वाटेवरच बसलेले आहेत. संकेतांक ०४ : केवळ तपासणी व निरीक्षणासाठी दाखल होणे. संकेतांक ०५ : विश्रांती-उपचार, पुनर्वसन व शुश्रूषा. संकेतांक १३ : निसर्गोपचार केंद्रे, स्पा व तत्सम ठिकाणचे उपचार. संकेतांक १४ : चिठ्ठीविना मिळणारी पूरके, अर्थात रुग्णालयीन उपचाराचा भाग म्हणून वैद्याने लिहून दिलेली नसल्यास. संकेतांक १६ : ज्यांच्या परिणामकारकतेस पुरेसा आधार नाही असे उपचार. यांतील पाचवा व तेरावा अपवाद आपल्या भागात विशेष घातक ठरतात. कर्जत तालुक्यात शेतघरे व विश्रामस्थळे यांची दाटी आहे, आणि त्यांतील अनेकांच्या फलकावर "पंचकर्म पॅकेज" झळकते. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला अभ्यंग व शिरोधारा देणे हा गुन्हा नव्हे. परंतु त्याच पत्त्याच्या पंचक्रोशीत खरे रुग्णालय चालवणाऱ्या वैद्याचे कागद कंपनीचा माणूस त्याच चष्म्यातून पाहतो. शिवाय आपल्यापैकी काहींच्या दरपत्रकावरही "पॅकेज" हा शब्द असतोच. तो काढून टाकावा. रुग्णाचे देयक खाट, वैद्य-भेट, प्रत्येक कर्म, औषधे व तपासण्या असे तोडून लिहावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वर्षा ऋतूत बस्ती, शरदात विरेचन, वसंतात वमन हा स्वस्थासाठी सांगितलेला शोधनक्रम विम्याचा विषय नाही. विमा व्याधीच्या चिकित्सेचा असतो, स्वास्थ्यरक्षणाचा नव्हे. एका मध्यमवयीन ग्राहकाने "पॉलिसी आहेच, तर यंदा बस्ती करून घेतो, निदान काहीतरी लिहा" असे आम्हाला सुचवले होते. असे दावे नामंजूर होतात ते योग्यच होते, आणि त्यांच्यामुळे पुढच्या खऱ्या गृध्रसीच्या रुग्णाकडेही संशयाने पाहिले जाते.

आता मूळ प्रकरणाकडे येऊ. पत्र आल्यावर आमच्या एका सहायकाने सहजपणे सुचवले की, केसपेपर नव्याने नीट लिहून काढू. हा मोह किती स्वाभाविक आहे हे आम्ही जाणतो. कारण त्यात लिहायचे ते सारे खरेच घडलेले होते. तरीही मागील तारखेने लिहिलेली नोंद ही बनावट नोंद होय. व्यवहाराच्या दृष्टीनेही ती आत्मघातकी आहे. कंपनीचा तपासनीस आमच्याकडे येऊन मूळ कागदांच्या प्रती आधीच घेऊन गेला होता. आमच्या परिचयाच्या एका प्रकरणात अशा दोन प्रती समोरासमोर आल्या. तो खरा दावा लबाडीच्या सदरात गेला, आणि रुग्णालयाचे नाव कंपनीच्या वगळलेल्या संस्थांच्या यादीत लागले. रुग्ण निर्दोष होता. पैसे त्याचेच बुडाले.

आम्ही मूळ नोंदींना हात न लावता त्या दिवसाच्या तारखेचे स्वतंत्र स्पष्टीकरण-पत्र लिहिले. त्यात नोंदीत जे होते त्याचाच आधार घेतला : दाखल होताना सरळ पाय उचलण्याची चाचणी ३० अंशांवर अडत होती, रुग्णास दहा मिनिटेही बसवत नव्हते, शस्त्रक्रियेचा सल्ला देणारे तज्ज्ञांचे पत्र सोबत होते, आणि घरी जाताना तीच चाचणी ७० अंशांवर गेली होती. सुदैवाने हे आकडे पहिल्या व शेवटच्या पानावर होते. त्यानंतर, दाखल का केले, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राधाराने दिले. निरूह बस्तीनंतर द्रव एका मुहूर्ताच्या आत, म्हणजे सुमारे ४८ मिनिटांत, परत येणे अपेक्षित असते. तो न आल्यास वा उपद्रव दिसल्यास तत्काळ उपाय करावा लागतो. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात शोधनोत्तर काळात वर्ज्य अशा आठ महादोषकर भावांत रथक्षोभाची, म्हणजे वाहनाच्या धक्क्यांची गणना आहे. आमचा रुग्ण राहतो त्या वाडीपासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता ज्याने पावसाळ्यात पाहिला असेल, त्याला रथक्षोभाचा अर्थ टीका न वाचताही समजेल. रोज रिक्षातून नेआण करून बस्तिकर्म करणे म्हणजे सकाळी दिलेले दुपारी काढून घेणे होय. हे पत्रात आम्ही साध्या भाषेत लिहिले. टीपीएमध्ये बसलेला डॉक्टर पुष्कळदा आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडलेला असतो. त्याला ही परिभाषा परकी नसते, मात्र त्याच्या वरिष्ठाला ती समजावी असे लिहिणे आपले काम आहे.

या अनुभवानंतर आम्ही नोंदींची पद्धत बदलली. प्रवेशाच्या नोंदीत "बाह्यरुग्ण म्हणून उपचार का शक्य नाहीत" हे एक वाक्य अनिवार्य केले. विमा-व्याख्येत वैद्यकीय आवश्यकता म्हणजे आजाराच्या व्यवस्थापनासाठी गरजेचा, गरजेपेक्षा अधिक नसलेला, वैद्याने लिहून दिलेला व मान्य व्यावसायिक मानकांस धरून असलेला उपचार. हे चारही मुद्दे प्रवेशाच्या दिवशीच कागदावर दिसले पाहिजेत. निदान दुहेरी लिहावे : आयुर्वेदीय संज्ञा आणि तिच्याशी जुळणारी आधुनिक संज्ञा. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'नमस्ते' प्रणालीत व्याधींचे प्रमाणित संकेतांक मिळतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेदादी पद्धतींच्या व्याधींचा विभाग समाविष्ट झाला. "वातव्याधी" एवढ्या एका शब्दावर दहा दिवसांचे देयक मागणे आता शोभत नाही. दैनंदिन नोंदीत कर्माची वेळ, द्रव्य, मात्रा, प्रत्यागमनाची वेळ, वेगांची संख्या, वेदनेचा आकडा, रक्तदाब व नाडी आणि नोंद करणाऱ्याची स्वाक्षरी असावी. रात्रपाळीच्या वैद्याची नोंद नसणे हे चोवीस तास वैद्य उपलब्ध नसल्याचा पुरावा म्हणून वापरले जाते, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते.

पूर्वेतिहास लिहिताना तर विशेष सावध राहावे. रुग्ण सांगतो, "कंबर काय, चार-पाच वर्षं दुखतेच आहे अधूनमधून." नवा सहायक ते तसेच उतरवतो आणि कंपनी त्यावरून पूर्वव्याधीचा शेरा मारते. रुग्ण म्हणाला ते लिहू नये असे आम्ही म्हणत नाही. पूर्ण विचारून लिहावे, इतकेच. सध्याच्या व्याख्येनुसार पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे डॉक्टराने निदान केले, किंवा ज्यासाठी डॉक्टरी सल्ला वा उपचार झाला, तीच पूर्वव्याधी. शेतात वाकून काम केल्यावर दुखणारी, बाम चोळून विसरली जाणारी कंबर त्यात बसत नाही. म्हणून "पूर्वी कोणाकडे उपचार घेतले का, केव्हा, काय निदान झाले" याचे उत्तर नोंदवावे. "नाही" असेल तर "नाही" असेही लिहावे. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर सिद्ध झालेल्या लबाडीखेरीज माहिती दडवल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही, हीदेखील २०२४ पासूनची तरतूद आहे. मधुमेहाचे औषध चालू असताना प्रस्ताव-पत्रात "नाही" लिहिणाऱ्याचा बचाव मात्र त्या मुदतीआधी कोणी करू शकत नाही. २००९ मध्ये सतवंत कौर संधू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे लपवणे दाव्यास मारक ठरवले. उलट, २०२१ च्या मनमोहन नंदा प्रकरणात जे सांगितले होते व तपासून पॉलिसी दिली होती, त्याच आजाराचा आधार घेऊन दावा नाकारता येणार नाही असा निर्णय झाला.

औषधांच्या देयकाकडे आता वळू, कारण आमच्याही दाव्यातील वजावट तेथेच झाली. वैद्याने आपल्या रुग्णासाठी स्वतः औषध सिद्ध करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील कलम ३३ ईईसी मुभा देते. त्यासाठी उत्पादन-परवाना लागत नाही. परंतु कंपनीच्या टेबलावर अशा क्वाथाचे किंवा तैलाचे देयक निनावी दिसते. त्यावर ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना कालमर्यादा. "काढा - १,२०० रु." या ओळीवर कोणीही पैसे देणार नाही. स्वसिद्ध औषधाची घटकद्रव्ये, मात्रा व तारीख यांची नोंदवही ठेवावी आणि तिचा उतारा देयकासोबत जोडावा. तरीही वजावटीची शक्यता रुग्णास आधीच सांगावी. औषधविक्रेत्यांनी देयकावर रुग्णाचे नाव, वैद्याचे नाव, औषधाचे पूर्ण नाव, उत्पादक, बॅच क्रमांक व कालमर्यादा लिहावी. च्यवनप्राशाची बाटली व रुग्णाची औषधे एकाच पावतीवर आली की चौदाव्या अपवादाचा शेरा बाटलीपुरता न थांबता सगळ्या पावतीवर पसरतो. खोपोलीतील एका दुकानदारांनी अशा ग्राहकांसाठी दोन पावत्या फाडण्याची शिस्त ठेवली आहे. अनुकरणीय आहे.

नामंजुरीनंतर पुढे काय करावे? प्रथम पत्र नीट वाचावे व पाकिटासह जपून ठेवावे. २९ मे २०२४ च्या आरोग्य विम्यावरील मुख्य परिपत्रकानुसार कोणताही दावा कंपनीच्या त्रिसदस्य दावा-पुनरावलोकन समितीच्या किंवा तिच्या वरच्या समितीच्या संमतीवाचून नाकारता येत नाही, आणि नकार देताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो. आमच्या रुग्णाच्या पत्रात अट क्रमांकच नव्हता. म्हणून पहिल्या अर्जात त्याने तीनच गोष्टी मागितल्या : कोणत्या अटीखाली, समितीने केव्हा, आणि कोणत्या वैद्यकीय मताच्या आधारे. सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, नकाराच्या पत्रात जे कारण नाही ते कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. त्या एका कागदाला एवढे महत्त्व आहे.

हा अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जातो व त्याचे उत्तर चौदा दिवसांत अपेक्षित असते. समाधान न झाल्यास, अथवा महिनाभरात उत्तरच न आल्यास, विमा लोकपालाकडे जाता येते. नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. शुल्क नाही, वकील चालत नाही, दाव्याची कमाल मर्यादा नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाख रुपये आहे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. आणि ३० दिवसांत अंमल न केल्यास कंपनीला दर दिवशी ५,००० रुपये तक्रारदारास द्यावे लागतात. रायगड जिल्हा आता ठाणे येथील लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. कर्जत-खोपोलीकरांना ते लोकलच्या एका तिकिटावर आहे. तक्रार ऑनलाइनही करता येते. मात्र तक्रारदार रुग्णच असला पाहिजे. रुग्णालयाने स्वतःच्या नावे तक्रार करून चालत नाही. वैद्याची भूमिका साक्षीदाराची व कागद पुरवणाऱ्याची.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. रायगड जिल्हा आयोग अलिबागला आहे. खालापूरहून पेणमार्गे तेथे जाऊन तारखांना उभे राहणे सोपे नाही. परंतु २०१९ च्या कायद्यान्वये रुग्ण जेथे राहतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार दाखल होऊ शकते. एक प्रकरण दोन्हीकडे एकाच वेळी चालवता येत नाही. लहान रकमेसाठी व कागद स्वच्छ असताना लोकपाल बरा. साक्षीपुराव्याचा गुंता असेल तर आयोग. असे आमचे मत आहे.

आमच्या रुग्णाच्या अर्जाला तक्रार अधिकाऱ्याने पहिल्याच उत्तराची प्रत धाडली. ठाण्यास तक्रार केली. सुनावणीची तारीख लागल्यावर कंपनीने आपण होऊन पुनर्विचार केला व ४१,२०० रुपये मंजूर केले. ३,१०० रुपये निनावी औषधांपोटी आणि ४,३०० रुपये सोबत्याचे जेवण व नोंदणी-शुल्क आदींपोटी वजा झाले. पहिल्या पत्रापासून साडेपाच महिने लागले. त्या काळात त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले होते, हे आम्हाला नंतर कळले.

औषधविक्रेत्या वाचकांसाठी आता दुकानातील मालाच्या विम्याविषयी. २६ जुलै २००५ आणि त्यानंतर जुलै २०२१ मध्ये उल्हास नदीच्या पुराने कर्जत परिसराने काय सोसले ते येथे सांगण्याची गरज नाही. पाताळगंगेच्या काठच्या दुकानदारांनाही पावसाळ्यातल्या रात्री जागून काढण्याची सवय आहे. एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे व पूर तिच्या मूळ संरक्षणात येतो. जुन्या अग्नि-विमा पॉलिसींत थोडा हप्ता वाचवण्यासाठी वादळ-पुराचे संरक्षण वगळण्याची सोय होती, आणि अनेकांना पाणी ओसरल्यावरच समजले की आपण ते वगळले आहे.

मालाचे दावे बुडतात ते मुख्यतः तीन कारणांनी. गोदाम दुसऱ्या गाळ्यात हलवलेले असते व पॉलिसीवर जुना पत्ता असतो. विमा चार लाखांचा आणि माल आठ लाखांचा असतो. मग दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळतो, आणि दुकानदारास वाटते कंपनीने फसवले. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची कमतरता दुर्लक्षिली जाते, त्यापलीकडे नाही. तिसरे कारण म्हणजे घाई. चिखल आणि दुर्गंधी यांमुळे दुकानदार पहिल्याच दिवशी सगळा माल नदीकाठी फेकतो आणि सर्व्हेअर येतो तेव्हा दाखवायला भिजलेल्या भिंती उरतात. आधी छायाचित्रे, तलाठ्याचा पंचनामा, कंपनीस लेखी सूचना, मग सर्व्हेअर, मग विल्हेवाट. जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जावा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा व त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा.

आयुर्वेदीय औषधांबाबत एक वाद हमखास उद्भवतो. चूर्णे व गुग्गुळकल्प गेले हे सर्व्हेअर मान्य करतो. आसव-अरिष्टांच्या सीलबंद काचेच्या बाटल्या पाहून मात्र तो म्हणतो, "आतले औषध चांगले आहे, पुसून विका," आणि त्यांची किंमत नुकसानीतून वजा करतो. येथे कायदाच आपल्या बाजूने बोलतो. लेबल विहित रीतीने नसलेले आयुर्वेदीय औषध कलम ३३ ई अन्वये मिथ्याछाप ठरते. अस्वच्छ स्थितीत साठवल्यामुळे घाणीने दूषित झाले असण्याची शक्यता असलेले औषध कलम ३३ ईई अन्वये भेसळयुक्त ठरते. कलम ३३ ईईसी अशा औषधाच्या विक्रीस मनाई करते. ही तीन कलमे लिहून सर्व्हेअरच्या हाती पत्र द्यावे व त्याची पोच घ्यावी. त्याने तरीही अहवालात वजावट केली तरी सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात म्हटले आहे.

पुरात खरेदीची देयकेच वाहून गेली असतील तर घाऊक विक्रेत्याकडून खात्याचा उतारा, जीएसटी विवरणपत्रे व बँकेस दिलेली मालाची विवरणे यांवरून साठा उभा करता येतो. दावेदाराच्या आवाक्याबाहेरचे कागद मागत बसणे योग्य नाही, असे गुरमेल सिंग प्रकरणात २०२२ मध्ये न्यायालयाने कंपनीस सुनावले. त्याच वर्षीच्या टेक्सको प्रकरणात दुकान तळघरात आहे हे पाहूनच कंपनीने पॉलिसी दिली होती व अटींत मात्र तळघर वगळले होते. आग लागल्यावर त्या अपवादाचा आधार घेणे न्यायालयाने मान्य केले नाही. लोकपालाचे दार एकल मालकीच्या दुकानास व सूक्ष्म उद्योगास खुले आहे; त्यासाठी उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

शेवटी पावतीविषयी. कंपनी कमी रक्कम देऊ करते तेव्हा "पूर्ण व अंतिम" असे छापलेल्या पावतीवर स्वाक्षरी मागते. गरजू माणूस ती करतो आणि हक्क संपला असे समजतो. तसे नाही. २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात प्राधिकरणाने स्पष्ट केले आहे की, अशा पावतीवर स्वाक्षरी केल्याने अधिक रकमेसाठी दाद मागण्याचा हक्क आपोआप जात नाही. तरीही स्वाक्षरीखाली "उर्वरित रकमेचा हक्क राखून" हे चार शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत व त्या पानाची छायाप्रत काढूनच ते परत पाठवावे.